ओढ, रेटा आणि भुमव्वा

भूमिका मोबाईल एजंटांवर संशोधन करते, हे कळल्यावर तिच्या घरी कामाला येणाऱ्या शालूबाईनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर आपला रिचार्ज लवकर संपतो अशी तक्रार तिच्याकडं केली. यात शालूबाईचं तरी काय चुकलं? कोल्हापुरात एजंट म्हणजे एक विम्याचा, नाहीतर प्लॉटचा. कॉम्प्युटरच्या पोटात आपल्याच बुद्धीनं इकडून तिकडं हिंडणारे, आपली वाट आपण ठरवणारे छोटे छोटे प्रोग्राम असतात आणि त्यांनाही एजंट म्हणतात, हे सांगायला जावं तर समोरचा जांभई देतो. म्हणून भूमिकानं आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांसाठी सोपं नाव काढलं होतं. गडी. पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे एक गडी.

या गड्याला डोकं बेतानंच असतं. त्याला दोन गोष्टी कळतात, ओढ आणि रेटा. काही जागा आणि काही दुसरे गडी त्याला आपल्याकडं ओढतात, काही त्याला लांब रेटतात. अधिक आकडा म्हणजे ओढ, वजा आकडा म्हणजे रेटा, आणि आकडा जेवढा मोठा तेवढा जोर जास्त. एवढ्या भांडवलावर ते ठिपके असे काही वागतात की बघत राहावं. लग्नाच्या मांडवात भांडलेले भाऊबंद एकमेकांना टाळत टाळत नेमके जेवणाच्या दाराशी समोरासमोर येतात, तशातलाच प्रकार. "गडी का हलला म्हणून त्याला विचारू नका," भूमिका वर्गात सांगायची. "त्याला कोण ओढतंय आणि कोण रेटतंय, ते शोधा." सांगणं सोपं असतं.

घरी राजारामपुरीत तिचे वडील होते. चन्नाप्पा. सगळा बाजार त्यांना अप्पा म्हणायचा. शाहूपुरीत गुळाची अडत होती त्यांची. ढेपेचा खडा जिभेवर ठेवला की गुऱ्हाळ कुठल्या गावचं ते सांगणारा माणूस. अशा माणसाचं डोकं पाण्यात पडलेल्या गुळासारखं एका बाजूनं विरघळायला लागलं. आधी भाव विसरले, मग गिऱ्हाइकांची नावं विसरली. मग रत्नव्वाला, म्हणजे भूमिकाच्या आईला, आपण स्वतःच्या हातानं माती देऊन आलोय हेही विसरले आणि तिच्या नावानं स्वयंपाकघराकडं तोंड करून हाका मारू लागले. होता होता त्याही हाका थांबल्या. एकच नाव तेवढं शाबूत राहिलं. भुमव्वा. घराणं निपाणीकडचं, तिकडं लाडानं लेकीच्या नावाला असं अव्वा जोडतात.

"भुमव्वा कवा येणार?" दिवसभर अप्पा शालूबाईच्या मागं हेच लावून धरायचे. शालूबाई दिवसा त्यांच्याजवळ असायची. ती म्हणायची, "येतील की अप्पा, कॉलेज सुटलं की." संध्याकाळी भूमिका यायची, शालूबाई पदर खोचून आपल्या घरी जायची, आणि थोड्याच वेळात कडी हळूच काढून अप्पा रस्त्यावर. एकदा बिंदू चौकात सापडले, एकदा पापाच्या तिकटीजवळ. दर वेळी कोणीतरी ओळखीचा भेटायचा आणि वाटेतूनच माघारी आणून सोडायचा. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात तिन्हीसांजेला घालमेल होतेच. भूमिकाला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

थोरला भाऊ शिवशरण पुण्याला होता. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर अशा गोष्टींत लांबच्या भावाचा वाचणाऱ्याला फार लवकर राग येतो. त्यानं वारणानगरच्या वाटेवर एक केंद्र बघून ठेवलं होतं. विसराळू म्हाताऱ्यांसाठीचं, बागबगीचा, नर्स, फाटकावर माणूस, सगळं असलेलं.

"भूमे, एक दिवस ट्रकखाली सापडतील ते," तो फोनवर म्हणाला.

"शिवण्णा, दिवसभर माझं नाव घेत बसल्यात ते. दुसरं काय ऱ्हायलंय त्यांच्याजवळ? मला सोडून ऱ्हातील व्हय?"

"बरं, सांभाळ तू. पण आणि एकदा हरवले की मी येऊन घेऊन जाणार. मग रडायचं न्हाय आणि भांडायचं न्हाय."

भूमिका कबूल झाली. अप्पांना घरात ठेवणं हे तिच्या लेखी आता सगळ्यात मोठं काम होतं, आणि ते आपल्याला जमेल अशी तिची खात्री होती. कारण ज्या विद्येवर तिनं डोळे फोडून घेतले होते ती विद्या नेमकी हेच करते. गडी कुठं जाणार ते आधी सांगते.

तिनं कोल्हापूरचा नकाशा घेतला आणि अप्पांना त्यावर ठिपका करून सोडलं. अप्पांच्या मनगटावर तिनं एक घड्याळ बांधलं होतं, ते कुठं कुठं गेले त्याच्या रेघा त्यातून मिळायच्या. ओढीच्या जागा भरल्या, गुळाचा बाजार, मठ, अव्वाला, म्हणजे आईला, जिथं पुरलं ती लिंगायतांची रुद्रभूमी. रेट्याच्या जागाही भरल्या, दवाखाना, मोठी रहदारी. कुठल्या जागेचा किती जोर, ते तिनं ठरवलं नाही, रेघांवरून कॉम्प्युटरला काढू दिलं. रीतच ती आहे. एक आकडा मात्र तिनं हातानं भरला. स्वतःचा. अधिक दहा. दहाच्या वर तिच्या मोजपट्टीत काही नव्हतंच.

आणि तिथंच घोडं अडलं. पडद्यावरचे अप्पा संध्याकाळी भूमिकाच्या ठिपक्याला येऊन चिकटायचे आणि घरातून हलायचेच नाहीत. खरे अप्पा कडी काढून पसार व्हायचे. तिनं मठाचा जोर वाढवून बघितला, गुळाचा बाजार पूर्वी जिथं भरायचा त्या जुन्या जागी सरकवून बघितला. ठिपका आपला तिच्या कुशीत गपगार.

शेजारच्या टेबलावर अमरेश बसायचा, हाच विषय शिकवायचा. त्यानं डबा खाता खाता वाकून बघितलं. "ह्यो दहा कुठनं आला?"

"मी भरलाय."

"मापून?"

"त्यात मापायचं काय?"

"चिन्ह उलटं करून बघ की एकदा. वजा टाक."

भूमिकाच्या डोक्यात तिडीक गेली. "अमरेश, तुला बी बाप हाय न्हवं? मग असलं बोलत जाऊ नको." तो डबा झाकून उठून गेला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हे असं. आकड्याचा लाड करू नका म्हणून पोरांना बजावणारी बाई, आपल्या लाडक्या आकड्याला कोणी बोट लावलं तर अंगावर धावून गेली. अमरेशशी ती पुढं कित्येक दिवस कामापुरतंच बोलली.

मग तो शुक्रवार आला. भूमिका त्या दिवशी मुद्दाम लवकर आली. "अप्पा, मी आले," म्हणून तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते भिंतीकडं बघत राहिले. शालूबाई गेली. भूमिकानं दाराला आतून कडी घातली, वरची खिट्टीही लावली आणि चहा टाकला. दोन कप घेऊन बाहेर येते तर दार सताड उघडं. घड्याळ खाली बुटात काढून ठेवलेलं.

गाडी काढून ती आधी गुळाच्या बाजारात गेली. ओळखीच्या हमालानं मान हलवली. मठात गेली, तिथं आरतीची तयारी चालली होती, अप्पा नव्हते. रुद्रभूमीत गेली. अव्वाच्या जागेवर गवत वाढलं होतं, त्यावर कुणी पाय दिल्याची खूण नव्हती. शिवशरणला कळवायचं धैर्य होत नव्हतं, आणि न कळवताही जीव थाऱ्यावर नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. तिचा कळसा तर पाठीवरच्या पिशवीत होता.

बिंदू चौकात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून तिनं लॅपटॉप उघडला. दहाच्या आकड्यापुढं बराच वेळ बोट थांबलं. मग तिनं वजा टाकला.

ठिपका घरातून निघाला. कुठंही न घुटमळता रस्त्याला लागला, बिंदू चौकात आला, तिथून पापाच्या तिकटीकडं वळला. घड्याळातून मिळालेल्या जुन्या रेघांवर तो असा तंतोतंत चालला की अमरेशनं बघितलं असतं तर टाळी दिली असती. भूमिका भर चौकात, वडापावच्या गाडीशेजारी बसून रडली. दिवसभर आपल्या नावाचा जप करणारा बाप आपण घरात पाऊल टाकलं की पळत होता. तिन्हीसांजेची घालमेल नव्हती ती. त्यांना रेटणारी ती स्वतः होती.

पापाच्या तिकटीपाशी जाऊन ठिपका गोल गोल फिरायला लागला. रेटा मागं पडला होता आणि पुढं ओढणारं नकाशावर काही नव्हतं. डोळे पुसून ती जुन्या रेघा बघत राहिली. पळणारा माणूस फाटा मिळेल तिकडं वळतो. अप्पांच्या रेघा तशा नव्हत्या. उशीर झालेला माणूस जसा जातो, तशा त्या सरळ पश्चिमेला गेल्या होत्या आणि कुणीतरी मधेच अडवल्या होत्या. पुढं काय आहे तिकडं? गंगावेस. तिथं अप्पांचं काय काम? आणि मग आठवण यायच्या आधी तिच्या नाकात धारोष्ण दुधाचा तो वास आला, जो तिला लहानपणापासून आवडत नव्हता.

गंगावेशीत दूध कट्टा आहे. संध्याकाळी गवळी तिथं म्हशी आणून उभ्या करतात, तुमच्या डोळ्यांसमोर पेल्यात धार काढून देतात आणि लोक तो फेसाळ पेला उभ्या उभ्या रिचवतात. तालमीतली पोरं, पेन्शनर, सगळे. लहानपणी भूमिका फार काटकुळी होती. शाळा सुटली की अप्पा तिला स्कूटरवर पुढं उभी करून थेट कट्ट्यावर आणायचे. ती पेला बघितला की म्हशीला वळसा घालून पळायची आणि अप्पा पेला सांभाळत तिच्या मागं. सगळा कट्टा हसायचा. शेवटी ती सापडायची. मग तिला फेस नको असायचा म्हणून वरचा फेस अप्पा आधी स्वतः पिऊन टाकायचे, मिशा पुसायचे, आणि खालचं दूध तिला द्यायचे. नाक दाबून एखादा घोट घ्यायची, उरलेलं अप्पाच संपवायचे.

तिनं नकाशात कट्टा भरलाच नव्हता. तिला तो आवडायचा नाही, म्हणून तिच्या कोल्हापुरात तो नव्हताच. ठिपका अप्पांचा आणि जागा सगळ्या तिच्या.

ती पोचली तेव्हा दिवे लागले होते. अप्पा कट्ट्याच्या पायरीवर बसले होते, दोन्ही हातांत पेला, वरचा फेस बसत चाललेला. म्हशीजवळचा सयाजी, ज्याच्या बापाकडून अप्पा त्या काळी दूध घ्यायचे, तिला बघून पुढं आला. "ह्ये तुमचं का? लई वेळ झाला बसल्यात. दूध घेतलंय पर पीत न्हाईत. पोरगी यायची हाय म्हणत्यात."

"अप्पा," ती म्हणाली.

अप्पा दचकून उठले. दूध हातावर सांडलं. "हितं बी आलीस व्हय? मी येत न्हाय. माझी पोरगी यायची हाय."

"अप्पा, मीच की. भूमी."

ती एक पाऊल पुढं गेली, ते दोन पावलं मागं गेले. मागं रस्ता होता. एक मोटारसायकल त्यांच्या अगदी जवळून हॉर्न वाजवत गेली. हे तिनं पडद्यावर असंख्य वेळा बघितलं होतं, आता बापाच्या पायांत बघत होती. ती थांबली. मग मागं सरली. मागं, अजून मागं. ती जसजशी लांब गेली तसतसे अप्पा रस्त्यावरून आत आले आणि पुन्हा पायरीवर टेकले.

सयाजीच्या म्हशीआड उभं राहून तिनं गाडीवर बांधायचा स्कार्फ तोंडाला गुंडाळला, नुसते डोळे ठेवले. रडणं आवरलं. मग दुसऱ्या बाजूनं येऊन पायरीच्या पार टोकाला बसली. अप्पांनी तिच्याकडं बघितलं.

"पावणं, जरा हिकडं सरका," ते म्हणाले. "ती म्हस लाथ मारती."

ती सरकली. आवाज सांभाळून तिनं विचारलं, "कुणाची वाट बघतासा?"

"लेकीची. शाळा सुटली की हितंच आणतो तिला. दूध म्हणलं की पळती कार्टी." अप्पा हसले. असं हसताना तिनं त्यांना किती महिन्यांनी बघितलं होतं. "हुशार हाय पर. गणितात तर इचारू नका."

"मग घरीच थांबायचं की. घरी येईल ती."

अप्पांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "घरात एक बाई शिरलीया. रोज सांच्याला येती. अप्पा अप्पा करती आणि दाराला कडी घालती. वर खिट्टी बी लावती. पोरगी बाहीर ऱ्हाईल न्हवं माझी? अंधारात दार वाजवत बसंल. म्हणून मीच येतो हिकडं."

इतके दिवस कडी, खिट्टी, सगळं भूमिका अप्पांना आत ठेवायला लावत होती, आणि अप्पांच्या लेखी ती भुमव्वाला बाहेर ठेवत होती.

दोघं बसून राहिले. गिऱ्हाइकं आली, गेली. म्हशी परतायला लागल्या. अप्पांनी गंगावेशीच्या टोकापर्यंत एकदा नजर टाकली आणि सुस्कारा सोडला. "आज येत न्हाय वाटतं. अभ्यास असंल." त्यांनी पेला तोंडाला लावला, वरवरचा उरलासुरला फेस ओढून घेतला, मिशा पुसल्या आणि खालचं दूध तिच्यापुढं धरलं. "घ्या पावणं. तुमीच प्या. फेस काढलाय."

तिनं स्कार्फ खाली ओढला, तोंड पलीकडं फिरवलं आणि सगळा पेला प्याली. जन्मात पहिल्यांदा तळापर्यंत. दूध गार झालं होतं, वास तोच होता.

सयाजीनं अप्पांना आपल्या गाडीवरून घरी सोडलं. भूमिका बरंच अंतर ठेवून मागून आली. त्या दिवशीचं कुणाला कळलं नसतं. शालूबाईला माहीत नव्हतं, सयाजी कुणाला सांगणार नव्हता. गुपचूप मिटवून ती अप्पांना घरातच ठेवू शकली असती, एवढी धडपड त्यासाठीच तर होती. तिनं शिवशरणला फोन लावला.

"शिवण्णा, ये आणि अप्पांना घेऊन जा."

"परत हरवले?"

"सापडले," ती म्हणाली, आणि मग मात्र फोनवर नुसती रडत राहिली.

पुढच्या आठवड्यात ती अमरेशच्या टेबलाशी गेली. "चिन्ह बरोबर होतं तुझं," ती म्हणाली. "माझं चुकलं. पर तेवढ्यानं भागत न्हाय. भूमिका दोन हायत. एक रेटती, एक ओढती. ओढणारी कुठल्याच नकाशावर घालता येत न्हाय." अमरेशनं डब्यातली भाकरी मोडून अर्धी तिच्यापुढं ठेवली.

केंद्राच्या फाटकासमोर एक बाक आहे. संध्याकाळी अप्पा तिथं बसतात. आतून कडी घालणारं तिथं कुणी नाही आणि रस्ता लांबवर दिसतो, त्यामुळं ते पळून जात नाहीत. अंगानं भरलेत. रविवारी स्कार्फ बांधलेली एक पाहुणी येते, सयाजीकडचं दूध थर्मासमधून आणते. वाटेत फेस मोडतो, तरी अप्पा वरचा घोट आधी स्वतः घेतात आणि मग पेला तिच्यापुढं करतात. गुळाच्या गोष्टी सांगतात, लेकीच्या सांगतात. "वाटेत असंल ती," पाहुणी म्हणते, आणि अप्पांना ते पुरतं.

परवा ती निघताना अप्पांनी तिला हाक मारून थांबवलं. जवळ बोलावलं. फाटकावरच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरला.

"पावणं, तुमी भल्या घरच्या दिसता म्हणून सांगतो. ती घरातली बाई हाय न्हवं, ती कुठं भेटली तर तिला सांगू नका मी हितं हाय म्हणून. येईल हुडकत."

"न्हाय सांगत," भूमिका म्हणाली.